काल दिसलेला पिंपल कालचा नसतो

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय २४, पिंपल्स मुख्यतः हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने. दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुता, तेलकट खाणं बंद केलंय. पिंपल उठला की रात्री त्याच्यावर मैत्रिणीने दिलेली एक ट्यूब लावता, दोन दिवसांत तो बसतो आणि आठवडाभरात शेजारीच दुसरा उठतो. असं दोन वर्षं चाललंय. जुन्यांचे काळपट डाग महिनोन्महिने जात नाहीत, ते कायमचे का, हे विचारलंय. आणि आत्ता हनुवटीत एक दुखरी गाठ आली आहे, ती फोडू का, हेही.

गाठ फोडू नका. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, तोवर हात लावू नका.

आता बाकीचं. वीसेक वर्षं मी त्वचेचेच रुग्ण बघते आहे आणि ‘एक गेला की शेजारी दुसरा’ ही तक्रार जवळपास रोज ऐकते. तुम्ही तीन-चार प्रश्न विचारलेत, पण सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गैरसमज दिसतो. पिंपल ज्या दिवशी दिसला त्या दिवशी तो झाला, असं आपण धरून चालतो. मग उपायही त्या दिवसापासून आणि त्या ठिपक्यापुरताच होतो. खरं तर शेजारचा दुसरा पिंपल पहिला उठायच्या आधीपासून तिथे तयार होत होता. तुम्ही पहिल्यावर ट्यूब लावत होता तेव्हा तो कातडीखाली अर्ध्या वाटेवर आला होता.

एक आधीच सांगते. चेहरा न बघता मी निदान करू शकत नाही. तुमची पाळी नियमित आहे का, इतर काही गोळ्या चालू आहेत का, नजीकच्या काळात मूल होऊ द्यायचा विचार आहे का, त्या ट्यूबमध्ये नेमकं काय आहे, यावर उत्तर बदलतं. तेव्हा पुढचं सगळं ‘हे साधे पिंपल्स आहेत’ असं धरून आहे. तसं नसेल तर काय, तेही मध्ये येईल.

मुळापासून बघू. चेहऱ्यावर जे बारीक छिद्र दिसतं ते एका नळीचं तोंड असतं. त्या नळीत एक केस असतो, चेहऱ्यावर बहुतेक ठिकाणी तर डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक, आणि नळीच्या कडेला तेलाची ग्रंथी जोडलेली असते. चेहऱ्यावर गंमत अशी की केस इवलासा आणि ग्रंथी भली मोठी. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा कित्येक शे ग्रंथी असतात. हातापायावर त्या खूप विरळ, तळहात-तळपायावर अजिबात नाहीत. म्हणून पिंपल चेहरा, छाती आणि पाठ सोडून सहसा कुठे जात नाही.

या ग्रंथीचं काम जरा विचित्र आहे. घाम तयार होतो तसं तेल नुसतं झिरपत नाही. ग्रंथीतल्या पेशी स्वतः स्निग्ध पदार्थांनी फुगत जातात, शेवटी फुटतात आणि फुटलेली पेशीच तेल होऊन बाहेर पडते. हे तेल म्हणजे सीबम. ते ग्रंथी स्वतः बनवते, त्यामुळे ताटातलं तेल थेट चेहऱ्यावर येतं ही कल्पना सोडून द्या. किती बनवायचं हे मुख्यतः अँड्रोजन नावाची संप्रेरकं ठरवतात. त्यांना ‘पुरुषी’ म्हणायची पद्धत आहे, पण ती बायकांच्या शरीरातही असतातच. वयात येण्याच्या थोडं आधीच ती वाढू लागतात, ग्रंथी मोठी होते, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या कपाळावरही बारीक दाणे दिसू लागतात.

इथे एक गोष्ट रुग्णांना पटवताना मला नेहमी त्रास होतो. रक्ततपासणीत संप्रेरकं ‘नॉर्मल’ आली की लोक म्हणतात, मग हा हार्मोन्सचा प्रश्न नाहीच. तसं नसतं. तेलाच्या ग्रंथीत एक एन्झाइम असतं, ते रक्तातून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचं जागच्या जागी जास्त जोरदार रूपात रूपांतर करतं. म्हणजे रक्तात प्रमाण तेच, पण एखाद्याची ग्रंथी त्याला दुप्पट दाद देते. ही दाद किती द्यायची ते बऱ्याच अंशी घराण्यातून येतं. आई-वडिलांना खूप पिंपल्स होते का, हा प्रश्न मी म्हणूनच विचारते.

पण नुसतं तेल वाढून पिंपल होत नाही. तेलकट चेहऱ्याची आणि एकही पिंपल नसलेली कितीतरी माणसं असतात. खरी अडचण नळीच्या तोंडाशी होते. नळीला आतून पेशींचं अस्तर असतं. या पेशी मरून सुट्या-सुट्या गळायच्या आणि तेलाबरोबर बाहेर वाहून जायच्या, असा नेहमीचा क्रम. पिंपल होणाऱ्या त्वचेत त्या जास्त प्रमाणात तयार होतात आणि एकमेकींना चिकटून राहतात. त्यात तेल मिसळतं आणि हळूहळू बूच बसत जातं. हे बूच सुरुवातीला इतकं सूक्ष्म असतं की ते आरशात दिसत नाही, बोटालाही लागत नाही. या अवस्थेत ते कित्येक आठवडे राहू शकतं. आमच्या धंद्यात त्याला मायक्रोकोमेडो म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, तो आधीपासून तिथे आहे एवढं मात्र लक्षात ठेवा.

तुम्ही माझ्यासमोर असता तर मी एक करून दाखवलं असतं. खोलीतला वरचा दिवा बंद करायचा, हातातला छोटा दिवा गालाच्या कडेने आडवा धरायचा आणि दोन बोटांनी कातडी हलकेच ताणायची. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या गालावर एकदम रव्यासारखे बारीक कातडीच्याच रंगाचे दाणे उमटतात, कधी दहा-बारा, कधी पन्नास. आरशात हे बघून लोक दचकतात. त्यांच्या मते चेहऱ्यावर तीन पिंपल्स असतात. हे दाणे म्हणजे थोडी मोठी झालेली बंद बुचं, व्हाइटहेड. त्यांच्याही मागे न दिसणारी रांग असतेच.

बुचाचं तोंड उघडं राहिलं तर तो ब्लॅकहेड. तो काळा टिपका घाण नसतो, हे मी दिवसातून चार वेळा सांगत असेन. कधी ब्लॅकहेड काढून काचेच्या पट्टीवर ठेवला आणि भिंगातून पाहिला तर दिसतं की फक्त टोक काळं आहे. खाली मेणासारखी फिकट पिवळसर काडी असते आणि कधीकधी तिच्यात एक अतिशय बारीक केस गुंडाळलेला सापडतो. टोकाचा काळेपणा त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संपर्क येऊन बदललेल्या तेलाचा. घासून तो जाणार नाही, कारण घासण्यासारखं वर काही नाहीच. ब्लॅकहेड तसा बिचारा निरुपद्रवी. त्याच्यातून थोडं थोडं बाहेर पडत राहतं. त्रास देतो तो बंद व्हाइटहेड, कारण त्याच्या आत दाब वाढतो.

आता जंतू. या नळ्यांमध्ये एक जंतू राहतो, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पर्यंत त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं, त्यामुळे जुन्या लिखाणात ते सापडेल. तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो, नितळ चेहऱ्याच्या माणसाच्याही. तो बाहेरून लागत नाही. पिंपल हा संसर्गजन्य रोग नाही, कोणाचा टॉवेल वापरला म्हणून तो होत नाही. या जंतूला हवा नकोशी आणि तेल हवंसं, त्यामुळे बूच बसलेली नळी म्हणजे त्याची चैन. तो तेलाचे तुकडे करतो, त्यातून सुटणारी आम्लं आसपासच्या पेशींना टोचतात, आणि शरीराची संरक्षणयंत्रणा जागी होते. त्याचे सगळेच प्रकार सारखे खोडकर नसतात. किती जंतू आहेत यापेक्षा कोणत्या जातीचे आहेत आणि तुमचं शरीर त्यांच्यावर किती चवताळतं यावर जास्त अवलंबून असतं.

आम्हाला शिकवलं होतं की आधी बूच, मग जंतू, मग सूज. पुढे असं दिसलं की गोष्ट इतकी सरळ रांगेत नाही. पिंपल्स येणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावरची, वरून अगदी निरोगी दिसणारी जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा नळीभोवती सुजेच्या पेशी आधीच जमलेल्या सापडल्या. तिथे बूच बसायला अजून सुरुवातही झालेली नव्हती. म्हणून आजकाल आम्ही पिंपल्सना मुळापासूनच सुजेचा आजार मानतो. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की जिथे आज काही नाही तिथेही काही चाललेलं असू शकतं.

लाल, दुखरा पिंपल होतो तो नळीची भिंत फुटली की. ती वरच्या बाजूला फुटली तर थोडा पू दिसतो, चार-पाच दिवसांत प्रकरण निवळतं. ती खोल, आतल्या थरात फुटली तर तेल, मेलेल्या पेशी, जंतू, केस असा सगळा माल जिथे तो कधीच असायला नको तिथे सांडतो. शरीर त्याच्याकडे बाहेरच्या शत्रूसारखं बघतं आणि मोठी गाठ होते, आठवडे टिकणारी. डाग पडणार की खड्डा, हे बरंचसं या फुटण्याच्या खोलीवर आणि सूज किती दिवस राहते यावर ठरतं.

तर आतापर्यंतचं एका दमात: ग्रंथी तेल जास्त करते, नळीच्या तोंडाशी बूच बसतं, आत जंतू वाढतो, सूज येते, भिंत फुटते. तुम्ही ट्यूब लावता ती शेवटच्या पायरीवर. आधीच्या चार पायऱ्यांवर शेजारच्या वीस नळ्या उभ्या असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

तुम्ही तोंड पुष्कळ धुता. धुण्याने वर आलेलं तेल जातं, बूच जात नाही, ते खाली आहे. चार-पाच वेळा धुण्याने त्वचेचा वरचा संरक्षक थर विस्कटतो, ती चुरचुरते, लाल होते आणि पुढे जे औषध खरोखर उपयोगाचं ते सोसत नाही. दिवसातून दोनदा, सौम्य फेसवॉशने, बोटांनी. खूप घाम आला तर एकदा जास्त. स्क्रब तर नकोच. सुजलेल्या नळीवर खरखरीत दाणे घासणं म्हणजे तिला फुटायला मदत करणं.

खाण्याबद्दल. १९६९ साली चॉकलेटवर एक अभ्यास झाला, त्यात चॉकलेटने फरक पडत नाही असं निघालं आणि पुढची कित्येक वर्षं डॉक्टर ‘खाण्याचा संबंध नाही’ असं ठामपणे सांगत राहिले. त्या अभ्यासात तुलनेसाठी जी दुसरी वडी दिली होती तिच्यातही साखर आणि स्निग्ध पदार्थ भरपूर होते, हे फारसं कोणी बघितलं नाही. २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या सुमारे १२०० लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यात एकालाही पिंपल्स नव्हते, आणि कारखान्यात बनलेलं गोड-पिठूळ खाणं तिथे जवळपास नव्हतंच. यावरून खाणंच कारण असं सिद्ध होत नाही, त्यांचं रक्तच वेगळं असू शकतं. पण नंतरच्या प्रयोगांतून एवढं दिसलंय की रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं कमी केलं तर काहींचे पिंपल्स कमी होतात. साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, त्याच्या साथीने ग्रंथीला चेव देणारी दुसरी संप्रेरकंही. दुधाचा, त्यातही व्यायाम करणाऱ्यांच्या व्हे प्रोटीनचा संबंध काहींच्या बाबतीत मी स्वतः पाहिला आहे, डबा बंद केला आणि पाठ साफ झाली असे. तळलेलं बंद करून मात्र कोणाचे पिंपल्स गेलेले मला आठवत नाहीत. तुम्ही दोन वर्षं ते सोडलंत, फरक पडला नाही, तर त्या गोष्टीचा स्वतःला त्रास करून घेऊ नका.

जबडा आणि हनुवटी. विशी-तिशीतल्या बायकांमध्ये ही जागा फार नेहमीची, आणि बहुतेक वेळा पाळीच्या आधीच्या आठवड्यात उठाव होतो. तुमचं तसं आहे का ते दोन महिने कॅलेंडरवर खुणा करून बघा. त्याबरोबर पाळी लांबते, हनुवटीवर जाड केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, असं काही असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी हवी. ते नसेल तर सरसकट डझनभर रक्ततपासण्या करून घ्यायची गरज नाही. हेल्मेटचा पट्टा किंवा घट्ट मास्क तिथेच घासत असेल तर तेही एक कारण असतं, साधं म्हणून सुटून जातं.

आता ती मैत्रिणीची ट्यूब. ‘दोन दिवसांत बसतो’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय आणि मला नेमकी तिथेच शंका आली. कृपा करून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्ल्युओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड सूज झपाट्याने उतरवतं, म्हणून दोन दिवस चेहरा छान दिसतो. आणि मग तेच वापरून पिंपल्स वाढतात, एकाच मापाचे, एकाच वेळी उठणारे. त्वचा पातळ होते, लालसर रेषा दिसू लागतात, बंद केलं की चेहरा भडकतो आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिलंय की पिंपल्सच्या नव्या रुग्णाला माझा पहिला प्रश्न असतो: आतापर्यंत काय काय लावलंत, ट्यूब आणल्यात का? तुमची ट्यूब तशी निघाली आणि महिनोन्महिने वापरली असेल, तर ती स्वतःच्या मनाने झटक्यात सोडण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून सोडा. भडका आवरता येतो.

पिंपलसारखं दिसणारं पण पिंपल नसलेलंही बरंच असतं. दाणे खूप खाजत असतील, सगळे एकसारखे असतील, कपाळावर आणि छाती-पाठीवर जास्त असतील, आणि एकही ब्लॅकहेड नसेल, तर ते बहुधा बुरशीचं आहे. त्याला अँटिबायोटिक दिली की उलट वाढतं. माझी खूण सोपी आहे: बूच कुठेच सापडत नसेल तर मी ‘पिंपल’ शब्द तोंडातून काढायला घाई करत नाही.

औषधाकडे येते. आधीच्या पायऱ्यांवर काम करायचं तर बूच बसू न देणारं औषध हवं, ते म्हणजे रेटिनॉइड. ॲडापलिन किंवा ट्रेटिनॉइन. अस्तरातल्या पेशी सुट्या-सुट्या गळाव्यात हे ते बघतं. ते ठिपक्यावर लावायचं नसतं. जिथे जिथे पिंपल येतो त्या सगळ्या भागावर, आज तिथे काही नसलं तरी, पातळ थर. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड, जे जंतूंना मारतं आणि ज्याला जंतू सरावत नाहीत. २.५ टक्क्यांचं जवळपास १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ बरीच कमी, त्यामुळे ‘स्ट्राँग द्या’ म्हणू नका. ते कापडाचा रंग उडवतं, उशीला पांढरा अभ्रा घाला.

रेटिनॉइडबद्दल माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एका कॉलेजच्या मुलाला मी ट्रेटिनॉइन लिहून दिलं, ‘रोज रात्री लावा’ एवढंच सांगितलं. दहाव्या दिवशी तो आला तेव्हा तोंडाच्या कडा सोलवटलेल्या, गाल भाजल्यासारखे, आणि पिंपल्स पहिल्यापेक्षा जास्त. तो रागावला नाही, फक्त ट्यूब टेबलावर ठेवली आणि गेला, तो परत आला नाही. औषध बरोबर होतं, सांगणं अर्धवट होतं. आता मी सांगते: पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र सोडून एक. चेहरा धुवून पूर्ण कोरडा होऊ द्या, मग लावा. नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांपासून दूर. वरून साधं मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन. पहिल्या महिन्यात काही पिंपल्स जास्त वर येतील, कारण आत रांगेत असलेली बुचं हलतात. आणि निकाल बघायचा तो बाराव्या आठवड्याला. इतका वेळ का, ते आता तुम्हाला कळलं असेल: आज ज्या बुचांना सुरुवात होणार ती रोखली जात आहेत, पण आधीच निघालेली यायचीच आहेत.

क्लिंडामायसिनसारखी अँटिबायोटिक ट्यूब एकटी महिनोन्महिने लावू नका, जंतू तिला सरावतात. पोटातून घ्यायची डॉक्सिसायक्लिन सूज जास्त असेल तर उपयोगी पडते, पण साधारण तीन-चार महिन्यांच्या मर्यादेत आणि लावायच्या औषधांच्या जोडीने. पाळीशी नातं स्पष्ट असलेल्या बायकांमध्ये संप्रेरकांवर काम करणारी औषधं छान लागू पडतात, ती बघून-तपासूनच द्यायची. आणि आयसोट्रेटिनॉइन, १९८२ पासून वापरात आहे. तेलाची ग्रंथीच आकसवणारं, चारही बाजूंनी काम करणारं हे एकच औषध. ओठ कोरडे पडतात ते तर जवळपास सगळ्यांचेच. गर्भावर मात्र त्याचा भयंकर परिणाम होतो, म्हणून गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. याबाबत मी कोणालाही सूट देत नाही. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर ट्यूबमधलं रेटिनॉइडही टाळतात. तेव्हा ॲझेलेइक ॲसिड हा चांगला मार्ग, डागांवरही तो काम करतो.

डाग कायमचे का? आधी डाग आहे की खड्डा ते ठरवा. खिडकीसमोर तोंड करून उभं राहा, मग बाजूने प्रकाश येईल असं वळा. समोरून काळपट दिसणारी खूण आडव्या प्रकाशातही सपाट राहिली तर तो डाग. तिथे सावली पडली तर खड्डा. बहुतेक लोक ज्यांना ‘खड्डे पडलेत’ म्हणतात त्यातले कितीतरी निव्वळ डाग निघतात.

डाग म्हणजे सुजेने चेतवलेल्या रंगपेशींनी जास्त ओतलेला रंग. सावळ्या त्वचेत तो जास्त गडद आणि जास्त दिवस. रंग वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका होतो. आतल्या थरात उतरला असेल तर राखाडी-निळसर झाक असते, तिला वर्ष-दोन वर्षंही लागतात. बहुतेक वेळा फिका होतो मात्र. ऊन त्याला ताजा करत राहतं, म्हणून डागांवरचं सगळ्यात चांगलं औषध सनस्क्रीन हेच. दुसरं, नवे पिंपल्स थांबवणं. जुना डाग फिका होईपर्यंत शेजारी नवा पडत असेल तर चेहरा कधीच मोकळा दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल एकही गेला नाही.

खड्ड्याची गोष्ट वेगळी. सूज खोल गेली की तिथलं कोलाजेन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, विरघळतं, आणि भरून येताना पूर्वीइतकं तयार होत नाही. ते क्रीमने भरत नाही, कोणतंही क्रीम असो. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद खोल खड्डे, उभ्या कडांचे रुंद खड्डे आणि पसरट लाटांसारखे, अशा तीन जाती असतात, प्रत्येकीचा इलाज निराळा, आणि बहुतेक वेळा दोन-तीन इलाज मिळून करावे लागतात. पण तो विषय पिंपल्स थांबल्यावरचा. छातीवर, पाठीवर आणि कधी जबड्यावरही उलट होतं, व्रण फुगून वर येतो. घरात कोणाला असे फुगीर व्रण असतील तर पहिल्याच भेटीत सांगा.

आणि आता ती गाठ. तिला तोंडच नाही. दोन बोटांनी दाबलं की दाब वर जात नाही, खाली जातो, आणि अर्धवट फुटलेली भिंत आतल्या थरात पूर्ण फुटते. खड्डा पडायचा असेल तर असाच पडतो. बर्फ कापडात गुंडाळून पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा ठेवा, ठणका कमी होतो. त्यावर चिकटवायच्या पट्ट्या पू वर आलेल्या पिंपलसाठी बऱ्या, अशा खोल गाठीत त्यांचं काही चालत नाही, पण नख पोचत नाही एवढा फायदा म्हणून लावल्यात तरी हरकत नाही. फारच दुखत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात अगदी पातळ केलेलं औषध बारीक सुईने टोचतात, दोन-तीन दिवसांत गाठ बसते. ते औषध स्टिरॉइडच असतं, हो. पण एक थेंब, एका जागी, एकदा, आणि किती ते मोजून. जाताना मैत्रिणीची ट्यूब बरोबर न्या.